वॉटकिन्सच्या फोटोत आभाळ कोरं का?

ढगवेडा: पावसाळ्यात अंजनेरी, हरिहर, ब्रह्मगिरीचे फोटो काढतो, मोबाइलवरच. ढग नसले तर मोबाइल खिशातच. परवा जुना अमेरिकन फोटोग्राफर कार्लटन वॉटकिन्सचे १८६१ सालचे, कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीचे फोटो पाहिले. आभाळ ठार कोरं, माणूस औषधाला नाही, तरी कडे अंगावर येतात. माझ्या फोटोत ब्रह्मगिरीचं टेकाड होतं! काय गौडबंगाल आहे?

जुना स्टुडिओवाला: मेनरोडला स्टुडिओ होता माझा, रोलच्या जमान्यात. आधी ढगांचं सांगतो. तेव्हा फिल्मऐवजी काच असायची, तिला कोलोडियन नावाचं रसायन लावायचे. त्याला निळा प्रकाश फार लवकर लागायचा. कडा नीट उमटेपर्यंत आभाळ पार पांढरं. त्याच काळातला फोटोग्राफर मायब्रिज तर ढग वेगळ्या काचेवर टिपून छापताना जोडायचा, म्हणजे एडिटिंगला आजच्या पोरांनी नावं ठेवू नयेत.

आता कड्यांचं. वॉटकिन्सची काच १८ बाय २२ इंचांची. कागद काचेला भिडवून उन्हात छापायचे, म्हणून प्रिंट जेवढा हवा तेवढीच निगेटिव्ह. त्यामुळे फांदी न् फांदी दिसते. बरं, काचेला रसायन लावायचं, सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच फोटो घेऊन लगेच धुवायची, हे सगळं तिथेच, तंबूच्या अंधारात. सामान खेचरांवर. असा गडी लेन्सची टोपी उगाच काढेल का? तुम्ही मात्र अख्खी डोंगररांग वाइडमध्ये कोंबता. पेगलवाडी गावाच्या अलीकडे थांबा, सकाळचं ऊन पाठीशी घ्या, झूम करा, नुसता कडा भरा.

गोदाकाठची: काका, माणूस नाही त्याचं काय? त्या दरीत अहवानीची नावाच्या मूळ रहिवासी जमातीचे लोक राहत होते. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन नावाच्या सशस्त्र तुकडीने त्यांची वस्ती जाळून त्यांना हुसकलं. काही परतलेही. पण फोटोत दरी रिकामी, आणि रिकामी म्हणून पवित्र! १८६४ मध्ये लिंकनने ती राखून ठेवायच्या कायद्यावर सही केली. या फोटोंनी त्याला हातभार लावला असं मानतात. चांगलंच झालं, पण ब्रह्मगिरीवर मेटघर किल्ल्याची मेटं, म्हणजे छोट्या वस्त्या आहेत, तिथली घरं फोटोतून कापू नका.

ढगवेडा: ताई, घरं दिसली की लाइक निम्मे होतात हो. तरी एक टाकतो. काका, कोलोडियन घरी करून बघू का?

जुना स्टुडिओवाला: नको रे बाबा. त्यात ईथर असतं, भपकन पेटतं. आधी झूम कर.