लाडबोरीसारखी कडी उद्या घरावर पडली, तर भरपाई कोणाकडून मागायची?

कक्षाबाह्य: 2 एप्रिल 2022 च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची मोठी कडी मोकळ्या जागेत पडली. अभ्यासकांचा रोख फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च 3बी रॉकेटच्या टप्प्यावर होता. ती घरावर पडली असती तरी भरपाईची सोय आहे, असं माझं मत. अंतराळातून पडणाऱ्या वस्तूंच्या नुकसानीबद्दलच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारात, नुकसान जमिनीवर झालं की प्रक्षेपक देश सरळ जबाबदार. चूक सिद्ध करावी लागत नाही.

पंचनामा: सोय कागदावर! त्या करारात घरमालकाला दावा करता येत नाही. सरकारनं राजनैतिक मार्गानं करायचा, तोही नुकसान झाल्यापासून किंवा जबाबदार देश कळल्यापासून वर्षभरात. वाटाघाटी फसल्या तर तिघांचा दावा आयोग, आणि दोन्ही देशांनी तसं मान्य केलेलं नसेल तर त्याचा निर्णय नुसती शिफारस. 1978 मध्ये अणुभट्टीवाला सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस 954 कॅनडात कोसळला. साफसफाईला सुमारे 1.4 कोटी कॅनेडियन डॉलर लागले, मागितले 60 लाख, 1981 मध्ये मिळाले 30 लाख.

कक्षाबाह्य: मिळाले ना! शिवाय याच कराराच्या कलम 11 प्रमाणे थेट प्रक्षेपक देशाच्या न्यायालयातही जाता येतं.

पंचनामा: सिंदेवाहीच्या माणसानं चीनमध्ये वकील लावायचा? आणि तिथे दावा चालू असेपर्यंत त्याच नुकसानीसाठी सरकारला करारानुसार मागणी करता येत नाही. इथल्या कोर्टात परदेशी सरकारवर दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 86 खाली केंद्राची संमती हवी.

टायटॅनियम: दोघेही पुराव्याचं बोलत नाही. कक्षेतले हे तुकडे सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटरनं जातात. वातावरणात पुनर्प्रवेशाचा अंदाज दहा मिनिटांनी चुकला तर जागा साडेचार हजार किलोमीटरनं हुकते. म्हणून पडल्याची नेमकी वेळ, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो, कोरलेले क्रमांक हे सगळं पहिल्याच दिवशी पंचनाम्यात यायला हवं. गोळ्यासारखी टाकी असेल तर हात लावू नका; आत हायड्राझीन हे इंधन उरलेलं असू शकतं आणि ते विषारी असतं. तुकडा भंगारात जाता कामा नये. मालक देशानं मागितला तर अंतराळवस्तू परत करण्याबाबतच्या 1968 च्या करारानुसार तो परत द्यावा लागतो, शोधण्या-पाठवण्याचा खर्च मात्र त्यांचा.

कक्षाबाह्य: पुराव्याचं मान्य. पण मग दोष अंमलबजावणीचा, कराराचा नव्हे.

पंचनामा: बरं, कडी श्रीहरिकोट्याहून उडालेल्या रॉकेटची निघाली तर? 1972 च्या कराराचं कलम 7 वाचा. प्रक्षेपक देशाच्या स्वतःच्या नागरिकांना हा करार लागूच नाही, आणि अंतराळ कार्यांबाबतच्या देशांतर्गत कायद्यासाठी आणलेला 2017 चा मसुदा मसुदाच राहिला.