११ लाखांची गाडी: पूर्ण पैसे भरून घ्यावी की कर्ज काढून? (नागपूर)

काटोलरोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पेट्रोल हॅचबॅक नक्की केली आहे. एक्स-शोरूम ९ लाख ४० हजार, ऑन-रोड ११ लाखांच्या थोडं वर. पैशांची सोय अशी: ५ लाखांची एक एफडी, ३ लाखांची दुसरी (३२ महिने झाले, चार महिन्यांनी मॅच्युअर होते), बचत खात्यात दीड लाख आणि संत्र्याच्या बागेचे अडीच लाख रोख. अडीनडीचे पैसे वेगळे आहेत, त्यांना हात लावणार नाही.

सेल्समनचं म्हणणं: "एफडी मोडू नका, ८ लाखांचं लोन घ्या. लोनच्या व्याजापेक्षा एफडीच जास्त कमावून देते." कागदावर हिशेबही करून दाखवला. पटतो, पण कुठंतरी खटकतो. पूर्ण पैसे द्यायचे तर कसे द्यायचे, कधी द्यायचे आणि त्यावर काही सूट मागता येते का, तेही सांगा.

हिशेबनीस

खटकतं ते बरोबरच आहे. त्यानं बहुतेक असं दाखवलं असेल: ८ लाख, ९ टक्के, ५ वर्षं, हप्ता १६,६०७, एकूण व्याज १ लाख ९६ हजार. तेच ८ लाख ६.५ टक्क्यांच्या एफडीत ठेवले तर ५ वर्षांत व्याज ३ लाख ४ हजार. म्हणजे लाखभर फायदा! दोन्ही आकडे खरे आहेत, तुलना खोटी आहे.

कर्ज घेतलं की दर महिन्याला १६,६०७ रुपये पगारातून जाणार. गाडी पूर्ण पैशांत घेतली तर तेच १६,६०७ तुमच्या हातात राहतात. ते त्याच तारखेला, त्याच ६.५ टक्क्यांच्या आरडीत (दरमहा भरायच्या ठेवीत) टाका. ६० महिन्यांनी सुमारे ११ लाख ७२ हजार होतात. कर्जवाल्याची एफडी ११ लाख ४ हजारांवर थांबते. पूर्ण पैसे देणारा ६८ हजारांनी पुढे, आणि यात कर अजून धरलेलाच नाही. एफडीचं व्याज तुमच्या उत्पन्नात मिळवलं जातं. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर ६.५ चे हातात साडेचारच्या आसपास उरतात. आरडीलाही कर लागतो, पण तिथं रक्कम हळूहळू वाढते, म्हणून व्याज कमी आणि करही कमी.

अट एकच, ती आरडी खरंच चालू करा. हप्ता नाही म्हणून पैसे खर्चून टाकले तर हा सगळा हिशेब वाऱ्यावर.

कर्ज परवडतं ते कर हातावेगळा केल्यावर उरणाऱ्या एफडीच्या दरापेक्षा कर्जाचा दर कमी असेल तेव्हाच. असा दर कंपनीच्या स्कीममध्ये दिसला तर आधी विचारा, की स्कीम न घेणाऱ्याला कॅश डिस्काउंट किती? ते जो आकडा सांगतील तो व्याजातच मिळवायचा. आणि "फक्त ५ टक्के" म्हटलं तर फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज) की रिड्युसिंग (उरलेल्या रकमेवरच व्याज) ते विचारा. ५ वर्षांसाठी ५ टक्के फ्लॅट म्हणजे रिड्युसिंगनं ९ च्या वर.

सीए_धरमपेठ

अडीच लाखांच्या नोटा घेऊन शोरूममध्ये जाऊ नका. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २६९एसटीनं २०१७ पासून एका व्यवहारापोटी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला बंदी घातली. दंड रोख घेणाऱ्याला होतो, आणि तोही घेतलेल्या रकमेएवढा, म्हणून शोरूमवाले घेत नाहीत. "आज दीड लाख, उद्या एक लाख" किंवा "थोडे बायकोच्या नावानं" हे चालत नाही. गाडी एक तर व्यवहार एक.

संत्र्याचे पैसे बचत खात्यात भरा आणि तिथून द्या. व्यापाऱ्याची हिशेबपट्टी, सातबारा, गाडीभाड्याच्या पावत्या एका फाइलला लावून ठेवा. वर्षभरात बचत खात्यांत मिळून १० लाख किंवा त्याहून जास्त रोख जमा झाली की बँक आयकर खात्याला कळवते. तुम्ही त्याच्या खाली आहात, तरी कागद असलेले बरे.

पॅन लागेलच. टीसीएस (विक्रेत्यानं बिलातच वसूल करायचा आयकर) मात्र तुम्हाला लागू नये. १ टक्का टीसीएस गाडीची किंमत १० लाखांच्या वर गेली तरच असतो. रोड टॅक्स, विमा धरून आकडा अकरावर गेला म्हणून तो लावता येत नाही. ज्यांना लागतो त्यांनी तो आयकर खात्याच्या वेबसाइटवर आपल्या करपत्रकात दिसतो का ते पाहून रिटर्नमध्ये वळता करून घ्यावा.

गिअरबॉक्स

सूट मागण्याबद्दल. पूर्ण पैसे देतो म्हटलं की शोरूमवाला खूश होतो, हा गैरसमज आहे. कर्ज त्याच्यामार्फत झालं तर बँकेकडून त्याला कमिशन मिळतं. पूर्ण पैशांत ते बुडतं. म्हणून किंमत ठरेपर्यंत "फायनान्सचं पाहू" एवढंच बोला. लेखी कोटेशन हाती आलं की मगच सांगा.

कोटेशन एकाच एकूण आकड्याचं घेऊ नका, ओळीओळीनं मागा. रोड टॅक्स स्वतः काढता येतो: १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के, तुमच्या गाडीला १,०३,४००. कोटेशनमध्ये याहून फार वेगळा आकडा असेल तर कारण विचारा. "हँडलिंग", "डेपो", "लॉजिस्टिक" या नावाची ओळ सरळ खोडायला सांगा. गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीत आलेला असतो.

विम्यात सगळ्यात जास्त हवा असते. नव्या कारला ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, त्याचा दर सरकार ठरवतं (२०२२ च्या दरांप्रमाणे १००० ते १५०० सीसीला १०,६४० रुपये, वर जीएसटी). तो कुठंही घ्या, सारखाच. फरक पडतो तो ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यात आणि झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी गेली तर बिलाएवढी भरपाई), इंजिन प्रोटेक्ट या जोडण्यांत. त्याच आयडीव्हीला (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीला) आणि त्याच जोडण्यांना बाहेरून दोन कोट आणा आणि समोर ठेवा. विमा आमच्याकडूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही. "मग डिस्काउंट जाईल" असं म्हणाले तर दोन्ही आकडे मिळून काय पडतं ते पाहा. कधी कधी त्यांचाच विमा घेणं परवडतं.

वेळेचं म्हणाल तर पितृपक्षात शोरूम ओस पडलेले असतात. तेव्हा भाव करा, चावी दसऱ्याला घ्या. फक्त बुकिंग फॉर्मवर लिहून घ्या की ठरलेला भाव कायम राहील, कारण बहुतेक फॉर्मवर बारीक अक्षरात बिलाच्या दिवशीचा भाव लागू असं छापलेलं असतं.

यार्डातला_माणूस

कर्जात बँक कागद पाहिल्याशिवाय शोरूमला पैसे सोडत नाही. पूर्ण पैशांत ही चौकीदारी तुमच्याकडे येते. तेव्हा टप्प्यानं द्या.

बुकिंगला पाच-दहा हजार, रद्द केल्यास परत किती ते पावतीवर लिहून. गाडी यार्डात आली की चेसिस नंबर मागा आणि पीडीआय (ताब्यात घेण्याआधीची तपासणी) करा. दिवसाउजेडी, धुतलेल्या गाडीवर. चेसिस आणि इंजिन नंबर कोटेशनशी जुळवा. टायरवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, ते पाचही टायरवर पाहा. आपल्याकडे उघड्या यार्डात गाडीनं एप्रिल-मे काढला असेल तर बॅटरी, वायपरचं रबर आणि दारांच्या रबरी पट्ट्या जास्त बारकाईनं बघा. बॅटरी वारंवार पूर्ण उतरलेली असेल तर ती लवकर दगा देऊ शकते, म्हणून व्होल्टेज मोजायला सांगा; रात्रभर उभ्या गाडीत साडेबाराच्या वर हवं. उत्पादनाचा महिना-वर्ष फॉर्म २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्रावर असतो.

पीडीआय पास झाला की त्या चेसिस नंबरचं प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (पक्क्या बिलाआधीचं बिल) घ्या आणि मग मोठी रक्कम भरा. चेसिस नंबर न देता "आधी फुल पेमेंट करा, गाडी चार दिवसांत येते" म्हणत असतील तर थांबा. शोरूम बहुधा बँकेच्या पैशावर स्टॉक उचलतं. ते कर्ज थकलं की तुमचे पैसे त्यांच्या जुन्या देण्यात जातात आणि गाडी येतच नाही.

पैसे शोरूमच्या चालू खात्यातच, खातं क्रमांक प्रोफॉर्मावर छापलेला पाहून. सेल्समनच्या क्यूआरवर "बुकिंगपुरते" म्हणूनसुद्धा नाही. आरटीजीएस २ लाखांपासून पुढं, २०२० पासून चोवीस तास चालतं. पण नवीन लाभार्थी जोडल्यावर बऱ्याच बँका पहिले काही तास मर्यादा ठेवतात. म्हणून तीन दिवस आधी जोडा, बँकेच्या नाव दाखवणाऱ्या सुविधेतून खातेदाराचं नाव तपासा, १०० रुपये पाठवून शोरूमच्या अकाउंट्सवाल्याकडून होकार घ्या. मुहूर्ताच्या सकाळी पैसे पाठवले की ते लगेच पोचतात, पण त्यांची नोंद करणारा माणूस त्या दिवशी पन्नास गाड्यांत गुंतलेला असतो. आदल्या दिवशीच उरका. यूटीआर नंबरासकट (बँकेच्या व्यवहार क्रमांकासकट) पावती त्याच दिवशी घ्या.

काटोलरोड

बाप्पा, भरपूर मिळालं. दोन शंका. ३ लाखांची एफडी मोडू काय? आणि शोरूमवाला आता म्हणून राहिला की लोन केलं तर १५ हजार जास्त सूट, तीन महिन्यांनी बंद करा. करावं काय तसं?

हिशेबनीस

३ लाखांची मोडू नका. मोडल्यावर १ टक्का दंड धरला तर ३२ महिन्यांचे ८ हजार जातात. तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (ओडी, म्हणजे एफडी तारण ठेवून उचल) घ्या. एफडीच्या दराहून १ टक्का जास्त पडला तरी चार महिन्यांचा निव्वळ भार हजारभर. मॅच्युअर झाली की ओडी फेडून टाका. बँक ९० टक्क्यांपर्यंतच देईल, म्हणजे २ लाख ७० हजार धरा. ५ लाखांची मोडायला हरकत नाही, तिला फार दिवस झाले नसतील तर दंडही किरकोळ.

१५ हजारांसाठी कर्ज? ५ लाखांवर तीन महिन्यांचं व्याजच ११ हजारांच्या आसपास. त्यावर प्रोसेसिंग फी, मुद्रांक, आरटीओत बोजा (गाडीवर बँकेचं कर्ज असल्याची नोंद) चढवायचे १,५००. दर फिक्स्ड (मुदतभर तोच) असेल तर मुदतीआधी बंद करायचं शुल्क. ३ टक्के म्हटलं तरी १५ हजार. काही करारांत पहिले सहा महिने किंवा वर्षभर बंदच करता येत नाही. दर फ्लोटिंग (बदलता) असेल तर हे शुल्क लावता येत नाही, पण शोरूमचं कर्ज बहुधा फिक्स्डच असतं. मंजुरीपत्र हातात घेऊन ते कलम वाचा, मग ठरवा.

यार्डातला_माणूस

आणि तसं कर्ज घेतलंच तर फेडल्यावर बँकेचं एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ च्या (बोजा उतरवायच्या अर्जाच्या) दोन प्रती घेऊन आरटीओतून बोजा उतरवा. एनओसीची मुदत तीन महिने असते, पुढं ढकलू नका.

पूर्ण पैसे दिलेत तर डिलिव्हरीच्या वेळी विमा पॉलिसीवर हायपोथिकेशनचा (बँकेच्या बोजाचा) रकाना कोरा आहे ना ते पाहा. आधी फायनान्सची चौकशी केलेली असली की तिथं चुकून बँकेचं नाव छापलं जातं. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर विम्याचे पैसे त्या नावावर अडकतात. आठ-दहा दिवसांनी डिजिलॉकरवर आरसी आली की तोच रकाना परत तपासा. चूक निघाली तर शोरूमला लेखी मेल टाका. नोंदणी त्यांनीच केलेली असते, दुरुस्तीही त्यांच्याकडूनच करून घ्या.