ग्रां-प्रेच्या नोंदी लुझियानात

१७५५ मध्ये ब्रिटिशांनी अकेडियनांना, म्हणजे आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाकडच्या फ्रेंच वसाहतकऱ्यांना, हद्दपार केलं. त्यात सगळं जळालं, त्यामुळे तिथल्या ग्रां-प्रे गावच्या लब्लां घराण्याचा माग तिथेच संपतो, असं म्हटलं जातं. तसं नाही. तिथल्या सँ-शार्ल चर्चच्या १७०७ ते १७४८ च्या वह्या निर्वासितांनी सोबत नेल्या. आज त्या अमेरिकेतल्या लुझियानात, बॅटन रूजच्या धर्मप्रांताच्या दफ्तरात आहेत. घरदार सुटलं तरी बाप्तिस्म्याची वही सोडली नाही, कमाल आहे!

शिवाय ग्रां-प्रेची हद्दपारी पार पाडणाऱ्या कर्नल विन्स्लोने अटकेतल्या पुरुषांची यादी केली होती. तीत प्रत्येकाचं गाव, मुलगे-मुली किती, बैल, गाई, डुकरं किती, सगळं आहे. बायकांची नावं मात्र नाहीत, म्हणून एकाच नावाचे तीन पियेर वेगळे करताना डोकं फिरतं. मुलांची संख्या चर्चच्या नोंदींशी ताडून बघा.

पूर्वज मेरीलँडला उतरले असतील तर १७६३ ची तिथल्या अकेडियनांची यादी आधी पाहा. पुढे त्यातले बरेच जण लुझियानाला गेले. फ्रान्सकडची शाखा असेल तर बेल-ईल बेटावरच्या १७६७ च्या जबान्या सोन्यासारख्या आहेत: कुटुंबप्रमुखांनी शपथेवर पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ सांगितली आहे. त्या आठवणीतून सांगितलेल्या, तेव्हा तारखांवर डोळे झाकून विसंबू नका.