नेत्रतज्ज्ञ कोणाला म्हणायचं?

आमच्या चौकातल्या चष्म्याच्या दुकानावर 'नेत्रतज्ज्ञ' अशी पाटी लागली आहे. आत नंबर काढून देतात. नंबर काढणाऱ्याला नेत्रतज्ज्ञ म्हणणं बरोबर आहे का?

—

माझ्या मते नाही. तज्ज्ञ म्हणजे तत् + ज्ञ, 'ते जाणणारा' (म्हणून दोन ज, 'तज्ञ' नव्हे). नुसत्या फोडीवर गेलं तर डोळ्यांचं कुणीही जाणकार त्यात बसेल. पण रूढीने हा शब्द ऑप्थॅल्मॉलॉजिस्टचा झाला आहे: एमबीबीएस होऊन पुढे डोळ्यांत एमएस किंवा पदविका केलेला डॉक्टर. डॉ. तात्याराव लहाने यांना वर्तमानपत्रं नेत्रतज्ज्ञ म्हणतात ते याच अर्थाने.

नंबर काढतो तो ऑप्टोमेट्रिस्ट. त्याची चार वर्षांची पदवी असते, शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं. ऑप्टिशियन त्या नंबरावरून काचा बसवून चष्मा तयार करतो.

हा फरक मला आईमुळे कळला. दोन वर्षांत तिने तीनदा नंबर बदलून घेतला. "डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलंय," म्हणायची, आणि आम्ही निर्धास्त. ते डॉक्टर म्हणजे चष्म्याचं दुकान होतं. पुढे नेत्ररोगतज्ज्ञांनी डोळ्यातला दाब मोजला तेव्हा काचबिंदू निघाला. त्यात बहुधा कडेची नजर आधी जाते, समोरच्या तक्त्यावरची अक्षरं बराच काळ वाचता येतात, आणि दृष्टीच्या नसेचं झालेलं नुकसान भरून येत नाही. चांगला ऑप्टोमेट्रिस्ट दाब तपासून डॉक्टरांकडे पाठवतो, हेही सांगायलाच हवं. दोष त्या पेशाचा नाही. आम्ही तिघांनाही एकच नाव देत होतो.

—

ऑप्टोमेट्रिस्टला 'दृष्टिमापक' म्हटलं तर?

—

तापमापक, पर्जन्यमापक ही यंत्रं आहेत, त्यामुळे माणसाला तो शब्द लागू पडत नाही. भूमिती, त्रिकोणमितीच्या चालीवर शास्त्राला 'दृष्टिमिती' आणि माणसाला 'दृष्टिमितिज्ञ' मला आवडेल. ऑप्टोमेट्रीतलं ग्रीक 'मेट्रॉन' आणि आपलं 'मिती' मुळात एकाच धातूचे, त्यामुळे अर्थही चोख बसतो. बोलताना मात्र 'नंबर काढणारे' हेच सोपं.

सरकारी रुग्णालयातला 'नेत्रचिकित्सा अधिकारी' हाही फसवा शब्द. हे पद नेत्रशल्यचिकित्सकाचं नव्हे. डोळे तपासणं, नंबर काढणं, मोतीबिंदूचे रुग्ण हेरून पुढे पाठवणं हे त्यांचं काम. गावोगावी ते फार मोलाचं आहे, पण नाव ऐकून लोक त्यांनाच शस्त्रक्रियेची तारीख विचारतात.

—

इंग्लंडमध्ये माझी बहीण "ऑप्टिशियनकडे जाऊन डोळे तपासले" म्हणते. तिथे चूक की बरोबर?

—

तिथल्या बोलण्यात बरोबर. ब्रिटनमध्ये ऑप्टोमेट्रिस्टला पूर्वी 'ऑप्थॅल्मिक ऑप्टिशियन' म्हणत, लोकांच्या तोंडी त्यातलं ऑप्टिशियन राहिलं. अमेरिकेत तर ऑप्टोमेट्रिस्टची पदवीच डॉक्टरेटची असते, नावामागे डॉक्टर लागतं. म्हणून परदेशातल्या नातेवाइकांशी बोलताना दाब तपासला का, बाहुली मोठी करून पडदा पाहिला का, हे विचारावं.

आईने आपल्यापुरती सोय केली आहे. ती आता 'नंबरवाले' आणि 'थेंबवाले डॉक्टर' म्हणते, आणि थेंबवाल्यांची तारीख चुकवत नाही.