छोट्या शहराचा फुटबॉल संघ कशाने टिकतो? भरलेल्या स्टँडने की भाडेकरारातल्या कलमाने?

हिशोबनीस

फ्लोरिडातले जॅक्सनव्हिल जग्वार्स लंडनला चालले, ही आवई दर दोन-तीन वर्षांनी उठतेच. (अमेरिकन फुटबॉलबद्दल बोलतोय; लीग म्हणजे त्यांची एनएफएल.) आवईला खतपाणीही भरपूर आहे. २०१३ पासून, २०२० चं करोना वर्ष सोडलं तर, दरवर्षी किमान एक 'घरचा' सामना लंडनमध्ये होतो. मालक शाहिद खान यांनी २०१३ सालीच लंडनचा फुलहॅम क्लब घेतला. २०१८ मध्ये त्यांनी वेम्बली स्टेडियमवर बोली लावली आणि ऑक्टोबरात मागे घेतली. चाहत्यांचा उपाय मात्र ठरलेला: सीझन तिकिटं काढा, स्टँड भरा, संघ राहील.

माझं म्हणणं, स्टँड भरण्याचा आणि संघ राहण्याचा संबंध फार थोडा आहे. ग्रीन बे पॅकर्स हा लीगमधला एकमेव लोकांच्या मालकीचा संघ, म्हणून त्याचे आकडे दरवर्षी बाहेर येतात. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात त्याला लीगच्या सामायिक उत्पन्नातून, म्हणजे मुख्यतः टीव्हीच्या पैशातून, ४३.२६ कोटी डॉलर मिळाले. एकूण उत्पन्न ७१.९१ कोटी. तो ४३ कोटींचा वाटा बत्तीसही संघांना सारखाच मिळतो, मग शहर न्यूयॉर्क असो की जेमतेम लाखभर वस्तीचं ग्रीन बे. साध्या तिकिटांच्या पैशातलेही साधारण ३४ टक्के पाहुण्या संघांच्या सामायिक खात्यात जातात. वाटून घ्यावा लागत नाही तो पैसा काचेच्या बॉक्सचा, स्टेडियमच्या नावाच्या हक्कांचा, पार्किंगचा आणि खाण्यापिण्याचा. मालकाचा जीव तिथे अडकलेला असतो, आणि त्यातलं कोणाला किती हे भाडेकरार ठरवतो.

सेंट लुईसचंच पाहा. १९९५ मध्ये रॅम्स लॉस एंजेलिसहून आले तेव्हा शहराने करारात एक कलम मान्य केलं: दर दहा वर्षांनी घुमटाचं स्टेडियम लीगमधल्या पहिल्या पाव हिश्श्यात बसलं पाहिजे. बत्तीसपैकी पहिली आठ! बाकीचे संघ नवी स्टेडियमं बांधत असताना हे शक्यच नव्हतं. २०१३ मध्ये लवादाने रॅम्सचा सुमारे ७० कोटी डॉलरचा सुधारणा आराखडा योग्य ठरवला, शहराने एवढा खर्च नाकारला, आणि २०१५ पासून भाडेकरार एकेका वर्षाचा झाला. संघ हातचा गेला तो तिथेच. त्याला लॉस एंजेलिसला परतू देणारं संघमालकांचं जानेवारी २०१६ चं ३० विरुद्ध २ मतदान हा उपचार होता.

म्हणून चाहत्यांनी मागायचे ते कागद. फ्लोरिडात शहराची कागदपत्रं मागायला लेखी अर्ज, कारण किंवा स्वतःचं नाव देण्याचीही सक्ती नाही; साध्या प्रतीला पानामागे १५ सेंटपर्यंत लागतात, शोधाशोध फार असेल तर वेगळा आकार. नुसता भाडेकरार मागू नका, स्थलांतरबंदीचा करार बहुधा वेगळा असतो. त्यात आधी बघायचं की संघाने करार मोडला तर नुसती भरपाई आहे, की कोर्टाकडून मनाई हुकूम आणायची सोय शहराने स्वतःकडे ठेवली आहे. नंतर भरपाईचा आकडा कोणत्या वर्षापासून किती घटतो ते. मधेच स्वस्तात सुटायची एखादी खिडकी. वर्षाला किती घरचे सामने बाहेर खेळता येतात. आणि संघ विकला तर नवा मालकही बांधील आहे ना.

पूर्व_स्टँड

हिशोबनीस, हिशेब बरोबर, निष्कर्ष साफ चूक. तिकिटाचा पैसा थोडा असेल. तिकीट हा पुरावा असतो.

लीगचे स्थलांतराचे नियम वाचलेत का? ओकलंडचे रेडर्स १९८२ मध्ये लीगला न जुमानता लॉस एंजेलिसला गेले, कोर्टातही जिंकले, त्यानंतर १९८४ मध्ये हे नियम लिहून काढले गेले. संघ हलवायचा तर मालकाने त्या वर्षीच्या १५ फेब्रुवारीपर्यंत लीगकडे सूचना द्यायची, कारणं मांडायची, आणि ३२ पैकी २४ मतं मिळवायची. मतदानात जे मुद्दे पाहायचे त्यात चाहत्यांचा पाठिंबा किती दिसला हाही एक आहे. जानेवारी २०१६ च्या अर्जात रॅम्सनी सेंट लुईस शहर कसं मागे पडतंय आणि तिथे तीन व्यावसायिक संघ कसे पोसले जाणार नाहीत हेच रंगवलं. रिकाम्या खुर्च्या म्हणजे असा अर्ज लिहिणाऱ्या वकिलाला आयता मजकूर.

जॅक्सनव्हिलने हे भोगलंय. पूर्वी सामन्याच्या ७२ तास आधी सगळी तिकिटं संपली नाहीत तर आसपासच्या भागात टीव्हीवर सामना दिसत नसे. २००५ मध्ये संघाने वरच्या सुमारे १० हजार खुर्च्यांवर ताडपत्री घातली, म्हणजे 'हाउसफुल'चा आकडा खाली येऊन सामना दिसेल. व्यवहार म्हणून चोख होतं, पण देशभर टीव्हीवर ती ताडपत्री दिसत राहिली आणि 'जॅक्सनव्हिलला संघ परवडत नाही' हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. सामना न दाखवण्याचा हा ब्लॅकआउटचा नियम २०१५ मध्ये स्थगित झाला. शिक्का अजून आहे.

करदाता

दोघांचंही एक गृहीत आहे की संघ राखणं शहराच्या फायद्याचं. ते आधी सिद्ध करा.

जून २०२४ मध्ये जॅक्सनव्हिलच्या काउन्सिलने १४ विरुद्ध १ मतांनी स्टेडियमचा करार मंजूर केला. एकूण १४० कोटी डॉलर. त्यात शहराचे ७७.५ कोटी, संघाचे ६२.५ कोटी. घरचे सामने नियमित हंगामात वर्षाला आठ किंवा नऊ, त्यातला एक लंडनला. उरलेल्या सात-आठ दुपारींसाठी ७७.५ कोटी! स्थानिक माणूस फुटबॉलवर खर्च करतो तो हॉटेल, सिनेमा, दुसऱ्या करमणुकीतून वळवलेला असतो. स्टेडियमवरचे अर्थशास्त्रज्ञ एरवी एकमेकांशी भांडतात, यावर त्यांचं जवळपास एकमत आहे.

आणि कर्जरोख्यांची गंमत कोणी सांगत नाही. १९८६ च्या करसुधारणेनंतर रोखे करमुक्त ठेवायचे असतील, तर खाजगी वापराच्या स्टेडियमच्या कर्जफेडीतला १० टक्क्यांहून जास्त भाग स्टेडियमच्या उत्पन्नातून येता कामा नये. हेतू अनुदान आटवण्याचा होता. झालं उलट: स्वस्त व्याजासाठी शहरं संघाकडून भाडंच कमी घेतात आणि हप्ते हॉटेल-कर किंवा विक्रीकरातून भरतात. संघ गेला तरी हप्ते थांबत नाहीत. रेडर्सना १९९५ मध्ये परत आणायला ओकलंड आणि अलामेडा काउंटीने स्टेडियम वाढवलं, त्यासाठी कर्ज काढलं. रेडर्स २०२० पासून लास व्हेगसमध्ये खेळतात, नेवाडाने हॉटेल-करातून दिलेल्या ७५ कोटींच्या आधाराने. ओकलंडकर त्यानंतरही फेडत बसले.

सॅन डिएगोने नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथल्या चार्जर्स संघाच्या स्टेडियमसाठी हॉटेल-कर वाढवायचा प्रस्ताव पाडला. दोन तृतीयांश मतं लागणार होती, मिळाली ४३ टक्क्यांच्या आसपास. जानेवारीत चार्जर्स लॉस एंजेलिसला गेले. शहर काही बुडालं नाही.

ओहायोकर

कायद्याचा रस्ता कोणीच काढला नाही. ६ नोव्हेंबर १९९५ ला मालक आर्ट मॉडेल यांनी क्लीव्हलँड ब्राउन्स बाल्टिमोरला नेत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलँडच्या मतदारांनी जुन्या स्टेडियमच्या दुरुस्तीसाठीचा कर मोठ्या बहुमताने मंजूर केला! करदाता, तिथे लोक द्यायला तयार होते, स्टँडही भरत होते, संघ तरी गेला. शहराने भाडेकराराच्या जोरावर कोर्ट गाठलं आणि तडजोडीत नाव, रंग आणि इतिहास ठेवून घेतला; १९९९ मध्ये नवा ब्राउन्स संघ आला.

१९९६ मध्ये ओहायोने कायदा केला: करदात्यांच्या पैशातून उभ्या स्टेडियममध्ये खेळणाऱ्या संघाने हलण्याआधी सहा महिन्यांची नोटीस द्यायची, आणि त्या काळात स्थानिकांना संघ विकत घ्यायची संधी. तो पहिल्यांदा वापरला गेला आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये. ऑक्टोबर २०१७ मध्ये कोलंबस क्रूच्या मालकाने ऑस्टिनला जायचं सूतोवाच केलं; मार्च २०१८ मध्ये राज्य आणि शहर दोघांनी दावा लावला. वर्षअखेर स्थानिक खरेदीदार पुढे आले. जुन्या मालकाला लीगने ऑस्टिनमध्ये नवा संघ दिला. क्रूने २०२० आणि २०२३ चं विजेतेपद घेतलं.

चाहत्यांनी तिथे नुसत्या घोषणा दिल्या नाहीत, पुढच्या हंगामाच्या तिकिटांची आणि स्थानिक व्यवसायांची लेखी वचनं गोळा केली. खरेदीदाराला कामाला येतो तो असा कागद.

हिशोबनीस

ओहायोकर, उदाहरण चांगलं, पण कोलंबसचा खटला निकालापर्यंत गेलाच नाही. कायदा कोर्टात टिकला असता का, कोणी सांगू शकत नाही. शिवाय क्रूची लीग, एमएलएस, तेव्हा वाढत होती, मालकाला दुसरा संघ देऊन वाटेला लावता आलं. एनएफएल २००२ पासून बत्तीसवर थांबली आहे, तिथे द्यायला जादा संघ नाही. तो कायदाही पातळ झालाय: ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द ब्राउन्सनी त्याविरुद्ध फेडरल कोर्टात दावा लावला, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात राज्याने तो फक्त ओहायोबाहेर जाणाऱ्या संघांपुरता ठेवला. ब्राउन्सना उपनगरात, ब्रूक पार्कला जायचं होतं, वाट मोकळी झाली.

कलमाची ताकद बघायची तर बफेलो बघा. २०१३ च्या भाडेकरारात तिथल्या बिल्स संघाने शहर सोडलं तर ४० कोटी डॉलर दंड होता. फक्त सातव्या वर्षानंतर एकदाच, सुमारे २.८ कोटी भरून सुटता आलं असतं. मार्च २०१४ मध्ये संस्थापक राल्फ विल्सन वारले आणि संघ विक्रीला निघाला. बोली लावणाऱ्यांत टोरोंटोचा गटही होता, त्यात गायक जॉन बॉन जोव्ही. पण संघ टोरोंटोला न्यायचा तर एक तर ४० कोटी भरा, नाही तर २०२० पर्यंत बफेलोत थांबा. अखेर पेगुला दांपत्याने १४० कोटींना घेतला आणि तिथेच ठेवला. बफेलोचे स्टँड भरतात हे खरं, पण टोरोंटोच्या गटाच्या आकडेमोडीत आडवं आलं ते कलम.

नुसत्या दंडावर मात्र विसंबू नका. बास्केटबॉलमधल्या सिएटलचा करार २०१० पर्यंत होता, २००८ मध्ये मालकाने ४.५ कोटी डॉलरवर सोडवणूक केली आणि संघ ओक्लाहोमा सिटीला नेला. उलट बेसबॉलमध्ये २००१ साली लीग मिनेसोटा ट्विन्स गुंडाळायला निघाली, तेव्हा कोर्टाने २००२ चा हंगाम तिथेच खेळायला लावला, कारण न्यायाधीशांनी भाड्याच्या रकमेपलीकडचं लोकांचं नुकसान धरलं. मनाई हुकमाचं कलम मी वर सगळ्यात आधी लिहिलं ते यासाठी.

आणि पूर्व_स्टँड, सॅन डिएगोत तर शहरानेच दर सामन्याला ६० हजार तिकिटांची हमी दिली होती, न खपलेल्यांचे पैसे शहर भरायचं. 'पुरावा' विकत घेऊन ठेवला होता म्हणा ना. चार्जर्स गेलेच.

बालेवाडी_गेट

थोडं अवांतर, पण आपल्या अंगणातलं. एफसी पुणे सिटी २०१४ पासून बालेवाडीत खेळला, २०१९ मध्ये बंद झाला, आणि आयएसएलमधली (इंडियन सुपर लीग) त्याची जागा हैदराबादच्या मालकांना मिळाली. त्याच वर्षी दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. हैदराबादने मार्च २०२२ मध्ये गोव्यात फातोर्ड्याला केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून करंडक घेतला. २०२५ मध्ये तोही संघ दिल्लीला गेला. पुणेकरांनी कोणतं कलम वाचायचं होतं? मैदान सरकारी, क्लब भाड्याने येणारा, अडवायला होतं काय?

हिशोबनीस

काहीच नव्हतं, मान्य. तिथे दुखणं वेगळं. आयएसएलमध्ये क्लबांना फ्रँचायझी शुल्क भरावं लागे आणि लीगकडून मिळणाऱ्या वाट्यात खर्च निघत नसे. तोट्यातल्या मालकाला कोणतंही कलम खेळत ठेवू शकत नाही. एनएफएलचा मालक फायद्यात असतो, त्याला हवा असतो आणखी फायदा. कलमाचा उपयोग तिथेच होतो.

करदाता

मग शहरांनी त्याच ताकदीवर पैसे न देता करार का केले नाहीत? बफेलोने २०२२ मध्ये नव्या स्टेडियमला ८५ कोटी सरकारी दिले, राज्याचे ६० आणि एरी काउंटीचे २५. स्थलांतरबंदी फुकट मिळत नाही, हे तुम्ही लिहिलंच नाही. सेंट लुईसला तरी २०२१ मध्ये लीगकडून ७९ कोटी परत मिळाले. त्यातलेही सुमारे ३५ टक्के वकिलांचे.

एक मान्य करतो. १९९५ ते २०१५ लॉस एंजेलिसमध्ये एकही संघ नव्हता, आणि प्रत्येक मालक त्या रिकाम्या शहराकडे बोट दाखवून स्टेडियम उकळायचा. आता तिथे दोन संघ आहेत, ती धमकी संपली. लंडनला कायमचा संघ पाठवायचा तर विमानप्रवास, करार, दोन देशांचे कर, सगळंच अवघड. जॅक्सनव्हिलने घाबरण्याची किंमत जास्तच मोजली.

ओहायोकर

धमकी संपलेली नाही, अंतर कमी झालंय. एप्रिल २०२४ मध्ये मिसुरीतल्या जॅक्सन काउंटीने चीफ्स (फुटबॉल) आणि रॉयल्स (बेसबॉल) या संघांसाठीचा विक्रीकर ५८ टक्के मतांनी नाकारला. जूनमध्ये शेजारच्या कॅन्ससने स्टेडियमच्या खर्चाच्या ७० टक्क्यांपर्यंत रोखे काढायची मुभा देणारा कायदा केला. राज्याची हद्द ओलांडली की झालं, टीव्हीचं मार्केट तेच राहतं. अशा वेळी लीगला मार्केटच्या आकाराचा प्रश्नच पडत नाही.

पूर्व_स्टँड

हिशोबनीस, ट्विन्सच्या न्यायाधीशांनी 'लोकांचं नुकसान' धरलं असं तुम्हीच लिहिलंत. लोक जातच नसते तर नुकसान कोणाचं दाखवलं असतं? तुमचं आवडतं मनाई हुकमाचं कलमही शेवटी प्रेक्षक आहेत या पुराव्यावरच उभं राहतं.

जॅक्सनव्हिलसाठी ताबडतोब करायचं काम वेगळंच आहे. नवं स्टेडियम २०२८ ला उघडणार, बांधकामामुळे २०२६ मध्ये खुर्च्या कमी आणि २०२७ चा हंगाम शहराबाहेर. या दोन वर्षांचा एकूण प्रेक्षकांचा आकडा पडणारच, आणि दहा वर्षांनी तोच आकडा कोणीतरी टेबलावर टाकणार. चाहत्यांच्या संघटनांनी आत्ताच शहराकडून प्रत्येक सामन्याच्या उपलब्ध खुर्च्या आणि विकलेली तिकिटं असे दोन्ही आकडे मागून ठेवावेत. टक्केवारी काढता आली पाहिजे. त्या १५ सेंटच्या अर्जात हेही घाला.