गॅलरीतल्या कुंड्या दुपारच्या आतच कोमेजतात, खत कमी पडतंय का?

कोवळी_पालवी
आमची गॅलरी सव्वा मीटर रुंद, तीन मीटर लांब. ऊन साडेआठपासून बारापर्यंत, मग समोरच्या इमारतीची सावली. कठड्यालगत वीतभर उंचीच्या काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांची रांग आहे: टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, पुदिना. रोज सकाळी पाणी घालते, तरी अकराला टोमॅटो माना टाकतो. संध्याकाळी पाणी दिलं की उठतो. फुलं येतात आणि गळतात. खत वाढवू का? कठड्याला अजून काही कुंड्या टांगायचा विचार आहे, त्यात काय लावावं?

मातीमामा
ताई, खताची बाटली तूर्त कपाटातच राहू द्या. आणि टांगायचं नाव नको. तुम्हाला कुंड्या वाढवायच्या नाहीत, कमी करायच्यात.

वीतभर कुंडीत माती मावते जेमतेम तीन लिटर. त्यातलं झाडाला ओढता येईल असं पाणी लिटरभरही नसतं. वाढलेला टोमॅटो तापलेल्या दिवशी तेवढं सहज पिऊन टाकतो, मग मान टाकेल नाहीतर काय करेल? त्यात काळं प्लास्टिक. उन्हाकडच्या बाजूला हात लावून बघा, मुळं नेमकी तिथेच, कडेला चिकटून असतात. तोवर गोणपाट गुंडाळा किंवा कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, म्हणजे आतल्या तरी तापणार नाहीत.

कुंडी घेताना इंच विचारू नका, लिटर विचारा. ३० सेंमी तोंडाची, ३० सेंमी उंच कुंडी सरळ बाजूंची असेल तर २१ लिटरची भरते. तीच खाली निमुळती होत २१ सेंमीवर आली की साडेपंधरा लिटर. टोमॅटोला १५ ते २० लिटर हवेत. मिरची आठ-दहात भागवते. कोथिंबिरीला १५ सेंमी खोलीचा पसरट ट्रे पुरतो.

पण तुमचं मूळ दुखणं ऊन आहे. फळभाजीला निदान सहा तास सरळ ऊन लागतं, तुमच्याकडे साडेतीन. फुलगळीचं ते एक कारण, पाण्याची रोजची ओढाताण हे दुसरं. माझं ऐकाल तर टोमॅटो सोडा. गॅलरी दिसली की टोमॅटोच का लावायचा असतो सगळ्यांना, मला कळलेलं नाही! साडेतीन तासांत पालक, कोथिंबीर, पुदिना, अळू, पातीचा कांदा मजेत येतात.

निवांत_सकाळ
मामांशी सहमत. एक भर घालतो: मोठ्या कुंडीच्या तळाशी दोन-तीन इंच खडी घाला, निचरा छान होतो. सगळे तसंच करतात.

मातीमामा
सगळे करतात, हे खरं. निचरा मात्र होत नाही. बारीक कणांच्या मातीतून पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही. वरचा थर चिंब होईपर्यंत ते सांध्यावरच अडून राहतं. म्हणजे जो चिखल तळाशी असता, तो तुम्ही दोन-तीन इंच वर मुळांच्या गळ्याशी आणून ठेवला. शिवाय तेवढी माती गेली.

पटत नसेल तर भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवा आणि आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच उभा करा, अजून पाणी गळेल. कुंडीचंही असंच: तेवढ्याच मातीची उंच कुंडी उथळ कुंडीपेक्षा चांगली निथळते. भोकावर जाळीचा तुकडा टाकायचा, तोही माती वाहू नये म्हणून.

तुळई
वजनाचं कोणीच बोललं नाही. ओली बागेची माती लिटरला पावणेदोन किलोच्या आसपास जाते. २० लिटरची कुंडी म्हणजे ३५ किलो. गॅलरी इमारतीतून पुढे आलेली असेल तर कठड्याकडच्या टोकाचं वजन तिला सगळ्यात जड जातं. मोठ्या कुंड्या भिंतीलगत ठेवा, कठड्याशी हलके ट्रे.

मातीमामा
बरोबर. म्हणून नुसती माती भरूच नका. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बाकी गांडूळखत आणि थोडी माती घेतली तर वजन बरंच उतरतं. फक्त कोकोपीट एकदा कडकडीत वाळलं की पाणी धरत नाही. कडेने फट पडते आणि घातलेलं पाणी तिथून थेट ताटलीत. अशी कुंडी अर्धा तास टबात बसवून ठेवा. रोज घड्याळ बघून पाणी नको, बोट दोन पेरं आत घाला. कोरडं लागलं तरच, आणि खालून निथळेपर्यंत. ताटलीतलं साचलेलं पाणी तेव्हाच ओता, डासांच्या अळ्यांना आठवडाभर पाणी मिळालं तरी पुरतं.

कोवळी_पालवी
टोमॅटो जिवावर येतंय, पण सोडते. पुदिना आणि कोथिंबीर एकाच ट्रेमध्ये लावू का? आणि मिरचीचं काय?

मातीमामा
पुदिना एकटा ठेवा, महिन्या-दोन महिन्यांत तो कोथिंबिरीचा ट्रे गिळेल. कोथिंबिरीचे धणे पेरण्याआधी हलके रगडून दोन फाका करा, प्रत्येकीत एक बी असतं. मिरची सगळ्यात जास्त ऊन येतं त्या कोपऱ्यात, दहा लिटरच्या कुंडीत हलवा. मिरच्या मोजक्याच लागतील. पानांच्या मागे मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, दिसला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा, औषध नंतर बघू.