सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) न सोडता माशांच्या टाकीत गालिचा जमेल का? कोणती वनस्पती लावू?

मंडळी, टाकी दोन फुटी, ६०×३०×३६ सेंमी. मागे व्हॅलिस्नेरिया, लाकडावर अनुबियास, दोन्ही मजेत. समोरच्या भागात बुटक्या वनस्पतींचा गालिचा हवाय. हेमिअँथस क्यूबा दोनदा लावली. पहिली पिवळी पडून विरघळली, दुसरी कोरीडोरासनी (तळ उकरणारे मासे) उकरली. रोज सकाळी निम्मी रोपं वर तरंगत. खडी ४-५ मिमीची, सीओटू नाही. 'पेरा आणि विसरा'वाल्या बिया मिळतात, त्या मागवू का?

प्रतिसाद १
बिया अजिबात नको! चार दिवसांत उगवतात, आपण खूश. पण पाकिटावर लिहिलेली वनस्पती क्वचितच निघते. बहुतेकदा पाण्याबाहेरची रोपं असतात, पाण्याखाली काही आठवड्यांत कुजतात.

क्यूबाचं पान जेमतेम एक-दोन मिमी, मुळं केसासारखी. ५ मिमीच्या खडीत ती धरणार कशाला? समोर तरी १-३ मिमीचा थर द्या. शिवाय तिला सीओटू लागतोच. तुमच्या टाकीला मार्सिलिया हिरसुटा लावा. संथ आहे, महिना-दोन महिने काहीच घडत नाहीये असं वाटेल, पण सीओटूशिवाय तगते.

प्रतिसाद २
माझं थोडं वेगळं मत. मॉन्टे कार्लो ही गालिच्याची वनस्पती ड्राय स्टार्टने, म्हणजे आधी पाणी न भरता, जमते. माती फक्त ओली, टाकीवर क्लिंग फिल्म, रोज थोडा वारा, सहा-आठ आठवडे. हवेतला सीओटू फुकट! मुळं धरली की पाणी भरायचं. अर्थात पाणी भरल्यावर सीओटू नसेल तर थोडी पडझड होतेच. आणि तुमच्या टाकीत मासे आहेत, म्हणजे हे पुढच्या टाकीसाठी.

काहीही लावा, कुंडीतला रॉकवूल (मुळांभोवतीचा लोकरीसारखा कापूस) पूर्ण काढा. अख्खी कुंडी रोवू नका. नखाएवढे पुंजके करून, लांब चिमट्याने तिरके खोचा, २-३ सेंमी अंतरावर. चिमटा सरळ वर ओढलात की रोपही सोबत येतं. खोचल्यावर चिमट्याची टोकं सैल करा, जरा हलवा, मग हळूच बाहेर. हे हातात बसायला माझी अख्खी एक कुंडी वाया गेली.

प्रतिसाद ३
दिवा वाढवून सीओटूची कसर भरून काढू नका, फक्त शेवाळ वाढेल. टायमर लावा, सुरुवातीला सहा तास. मुळाशी खताच्या गोळ्या द्या, साध्या खडीत स्वतःचं काहीच नसतं. आणि मुळं धरेपर्यंत कोरीडोरास दुसरीकडे ठेवता आले तर बघा.

धागाकर्ता, पाच आठवड्यांनी
मार्सिलिया लावली, समोर बारीक वाळू घातली. तरंगणं थांबलं. पण कुंडीत आंबुशीसारखी, चार दलांची पानं होती. ती गळून आता देठावर एकच गोल पान येतंय. चुकीचं रोप तर नाही ना दिलं?

प्रतिसाद १
नाही हो, तेच आहे. बाहेर चार दलं, पाण्याखाली बहुधा एकच. म्हणजे रुळलं. आता उपटून बघू नका!